एकटा बोंगोच आफ्रिकी?

क्युबातल्या ‘सोन’ या संगीतप्रकारावरच्या तुमच्या लेखातलं ‘सोनमध्ये बोंगो तेवढा आफ्रिकेचा, बाकी सगळा स्पॅनिश वारसा’ हे वाक्य काही पटलं नाही. मग मरिंबुला कुठली? लाकडी खोका, त्यावर धातूच्या पट्ट्या, आणि वादक खोक्यावरच बसून त्या बोटांनी छेडतो. मध्य आफ्रिकेतल्या वाद्यांचंच हे वंशज. डबल बास येण्याआधी खर्जाची बाजू तेच सांभाळायचं. ट्रेस दिसायला गिटारच्या घराण्यातलं, पण त्याच्या तीन जोडतारांवर वादक तालाचे तुकडे फिरवत राहतो. आणि मोंतुनोत, म्हणजे गाण्याच्या उत्तरार्धातल्या सवाल-जवाबात, गायक ऐनवेळी ओळी रचतो, कोरस तेच धृपद परतवतो, ही रीतही मुख्यतः आफ्रिकेचीच. देसिमा हा दहा ओळींचा पद्यप्रकार मात्र स्पॅनिश, ते मान्य.

तबला ऐकून तयार झालेल्या माझ्या कानाला खरा चकवा दिला तो बासने. समेवर मान हलवावी, तर हा पठ्ठ्या आधीच येऊन गेलेला! शेवटी क्लावेच्या, म्हणजे दोन लाकडी दांडक्यांवर सतत वाजणाऱ्या मूळ ठेक्याच्या, तीन-दोन ठोक्यांवर टाळी धरली, तेव्हा कुठे जमलं. आणि हो, १९४० च्या दशकात सोनच्या ताफ्यात कोंगा हा उंच ढोल रुजवणारा अंध ट्रेसवादक आर्सेनियो रोद्रिगेस काँगो वंशाचा. त्याचं नावही लेखात नसावं, हे जरा अतीच झालं.