नर्तकी मर्यादेपायी जळाल्या नाहीत

व्हिक्टोरिया राणीच्या काळातील बॅलेच्या पोशाखांविषयी एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरताना दिसतो. त्याचा आशय असा : पियानोच्या पायांनाही कापड गुंडाळणाऱ्या त्या सोवळ्या समाजाने नर्तकींना घोट्यापर्यंत झाकले, त्यांच्या घाघऱ्यांखाली क्रिनोलिनचे पोलादी पिंजरे घालायला लावले, त्या अवजड कपड्यांनी पेट घेऊन कित्येक मुली मेल्या, आणि न पेटणारे कापड मिळत असूनही ज्यांनी ते नाकारले, त्या स्वतःच्या नटवेपणाला बळी पडल्या. मुली जळून मेल्या, एवढे यातले खरे आहे. उरलेली मांडणी चुकीची आहे, आणि शेवटचा आरोप तर मेलेल्या मुलींवर अन्याय करणारा आहे.

पियानोच्या पायांची गोष्ट आधी बाजूला ठेवू. तिचा उगम कॅप्टन फ्रेडरिक मॅरियट यांनी १८३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेच्या प्रवासवर्णनात आहे. तिथल्या एका मुलींच्या शाळेत आपण हे पाहिले, असे त्यांनी लिहिले. म्हणजे एका इंग्रज माणसाने अमेरिकनांविषयी सांगितलेला हा किस्सा पुढे इंग्रजांच्याच माथी मारला गेला.

आता पोशाखाची लांबी. ज्याला आपण बॅलेचा पोशाख म्हणतो त्याचे मूळ रूप १२ मार्च १८३२ रोजी पॅरिसच्या ऑपेरात दिसले. त्या दिवशी ‘ला सिल्फीद’ या बॅलेत मारी तालिओनी अंगासरशी काचोळी आणि घंटेच्या आकाराचा पांढरा, झिरझिरीत झगा घालून नाचली. तो झगा पोटरीच्या मध्यावर संपत होता. व्हिक्टोरिया त्या वेळी बारा वर्षांची होती आणि तिला गादीवर यायला अजून पाच वर्षे होती. त्यामुळे हा पोशाख तिच्या राज्यातील नीतिकल्पनांनी घडवला, असे म्हणताच येत नाही. उलट ही राजकन्या आपल्या शिक्षिका बॅरोनेस लेहत्सेन यांच्या मदतीने लाकडी बाहुल्यांना कपडे शिवत असे. अशा १३२ बाहुल्या होत्या, आणि त्यांतल्या काही ऑपेरा व बॅलेतील पात्रांच्या वेशात होत्या. पुढे राणी झाल्यावर १८४५ मध्ये लंडनच्या हर मॅजेस्टीज थिएटरात तालिओनी, ग्रिसी, चेरितो आणि ग्रान या चौघींचा ‘पा द कात्र’ हा नाच झाला, तेव्हा ती स्वतः तो पाहायला गेली होती. त्या प्रयोगाचे चित्रकार शालोन यांनी काढलेले शिळाछाप चित्र प्रसिद्ध आहे. त्यात चौघींच्याही पोटऱ्या उघड दिसतात.

त्यानंतर राणीचे वय जसे वाढत गेले तसे झगे आखूडच होत गेले. १८७० च्या दशकातील देगा या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांमध्ये ते गुडघ्याच्या आसपास आले आहेत. १८८१ मध्ये त्याने प्रदर्शनात मांडलेल्या चौदा वर्षांच्या नर्तिकेच्या मेणाच्या पुतळ्याला तर त्याने खऱ्या कापडाचा आखूड झगा नेसवला होता. १८८५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला गेलेल्या व्हिर्जिनिया झुकी या इटालियन नर्तकीने तिथल्या रिवाजापेक्षाही आखूड झगा घालण्याचा आग्रह धरला. (मजकुरासोबत हमखास जोडला जाणारा ताटासारखा सपाट, आडवा पसरलेला टूटू नावाचा झगा मात्र विसाव्या शतकात रुळला.) याच काळात घरंदाज बाईचा झगा रस्त्यावर जमीन झाडत चालला होता, आणि खरा विरोधाभास इथेच आहे. सोवळेपणा होताच, पण तो नर्तकीला झाकण्यात दिसत नव्हता. तिला वेगळ्या, खालच्या पायरीवर बसवण्यात तो दिसत होता. १८६९ मध्ये लंडनच्या नाट्यगृहांवर देखरेख ठेवणाऱ्या लॉर्ड चेंबरलेन यांनी थिएटरच्या व्यवस्थापकांना पत्र धाडून स्त्री-कलावंतांच्या अशोभनीय पोशाखाबद्दल तक्रार केली होती. पाय घोट्यापर्यंत झाकलेले असते तर ही तक्रार कशाची होती? स्टुअर्ट हेडलम या पाद्र्याने नाट्यगृहांची जाहीर बाजू घेतली म्हणून १८७८ मध्ये त्याला आपले धर्मपद गमवावे लागले. पुढच्याच वर्षी त्याने चर्च आणि रंगभूमी यांना जोडणारा एक संघ काढला. नर्तकींच्या बाजूने उभे राहण्याची किंमत त्या काळात अशी होती.

क्रिनोलिनचा दावा तारखांपुढेच टिकत नाही. पोलादी कड्यांचा पिंजरा १८५६ मध्ये बाजारात आला. इंग्रज नर्तकी क्लॅरा वेब्स्टर त्याच्या बारा वर्षे आधी, १८४४ च्या डिसेंबरात भाजून मेली होती. शिवाय कमरेखाली पोलादाचा पिंजरा बांधून उडी मारता येत नाही, आणि जोडीदाराला नर्तकी उचलताही येत नाही. बॅलेच्या झग्याचा फुलोरा येत असे तो ट्यूल, गॉझ आणि टार्लटन या विरळ विणीच्या सुती कापडांच्या थरांवर थर चढवून आणि त्यांना खळ देऊन. क्रिनोलिनमुळे बायका भाजल्या हे खरे, पण त्या घरात, शेकोटीपाशी. दोन वेगळ्या गोष्टी या मजकुराने एकत्र शिवल्या आहेत.

अवजडपणाचा आरोप तर नेमका उलटा करायला हवा. पोशाख पेटत होता तो हलका असल्यामुळे. समईजवळ बसताना पदर सावर, असे आपल्याकडे घराघरात सांगितले जाते. मग असे दहा-बारा विरळ पदर, मध्ये मोकळी हवा, आणि ते घालून गिरक्या घेणारी मुलगी डोळ्यांसमोर आणावी. जाळीचे कापड पूर्वी हाताने विणले जाई. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जॉन हीथकोट यांच्या यंत्रामुळे ते स्वस्तात आणि वारेमाप मिळू लागले, आणि थोड्याच वर्षांत नाट्यगृहांत गॅसची बत्ती आली. ही दोन्ही नवी साधने एकाच रंगमंचावर एकत्र आली. क्लॅरा लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात नाचत असताना तिचा झगा उघड्या दिव्याला लागला. सोबतच्या मुली तिच्यापासून दूर सरल्या, कारण त्यांच्याही अंगावर तेच कापड होते. शेवटी रंगमंचावरच्या एका सुताराने आग विझवली. तिसऱ्या दिवशी ती गेली.

राहिला नटवेपणाचा आरोप. तो एमा लिव्री या फ्रेंच नर्तकीवर केला जातो. कापड न पेटण्यासाठी काय करावे हे विज्ञानाला ठाऊक होते : गे-ल्यूसॅक यांनी १८२१ मध्येच अमोनियम फॉस्फेट आणि टाकणखार यांचे मिश्रण सुचवले होते. १८५९ मध्ये फ्रान्सच्या बादशाही फर्मानाने रंगमंचावरचे कपडे, कापड पेटू न देणाऱ्या कार्तेरोनच्या द्रावणातून काढणे सक्तीचे केले. परंतु त्या द्रावणाने कापड ताठ आणि मळकट होत असे. लिव्री ही तालिओनीची शिष्या, आणि हवेत तरंगल्याचा भास हीच त्या घराण्याची कला. १८६० मध्ये तिने ऑपेराच्या संचालकांना लिहून दिले की बॅलेच्या पहिल्या प्रयोगांना आपण नेहमीच्याच झग्यात नाचू आणि जे होईल त्याची जबाबदारी आपली. १५ नोव्हेंबर १८६२ रोजी तालमीच्या वेळी झगा चुरगळू नये म्हणून तिने तो वर उचलला, आणि त्या वाऱ्याने गॅसची ज्योत कापडाकडे ओढली गेली. आठ महिने सोसून २६ जुलै १८६३ रोजी ती गेली. तेव्हा ती वीस वर्षांची होती. त्या पत्राचा अर्थ मी असा लावतो की तिच्यापुढे दोनच वाटा ठेवल्या होत्या : जिवाला धोका, किंवा ज्यासाठी प्रेक्षक तिकीट काढत होते तोच हलकेपणा गमावणे. ज्योतीला जाळी किंवा काच बसवणे हे तिचे काम नव्हते. ते ज्यांचे होते, त्यांच्यासाठी ती जबाबदारी विशीही न गाठलेल्या मुलीने एका कागदावर स्वतःकडे घेतली होती.

तिसरी वाट खरोखर होती. लंडनमध्ये व्हर्समन आणि ओपेनहाइम या रसायनशास्त्रज्ञांनी १८५९ च्या सुमारास दाखवून दिले होते की सोडियम टंगस्टेटच्या द्रावणातून काढलेली मलमल पेटत नाही आणि तिला इस्त्रीही करता येते. राणीच्या स्वतःच्या धुलाईखान्यात त्याचा प्रयोग झाला होता. नाट्यगृहांत मात्र विजेचे दिवे येईपर्यंत उजेड ज्योतींचाच राहिला. २८ डिसेंबर १८८१ रोजी लंडनच्या सॅव्हॉय थिएटरचे मालक रिचर्ड डॉयली कार्ट हातात पेटता विजेचा दिवा घेऊन प्रेक्षकांसमोर आले. त्यांनी तो चटकन पेट घेणाऱ्या मलमलीत गुंडाळला आणि काच फोडली. दिवा विझला, आणि मलमलीला साधा डागही पडला नाही.