२५ पटीचा हिशेब आपल्याकडे अपुरा
वर्षाच्या खर्चाच्या २५ पट रक्कम जमली की नोकरी सोडा, असं लवकर निवृत्तीवरच्या तुमच्या लेखात म्हटलंय. या हिशेबाचं मूळ आर्थिक सल्लागार विल्यम बेंगेन यांच्या १९९४ च्या अभ्यासात आहे. तो अमेरिकी बाजाराचा, ३० वर्षांच्या निवृत्तीसाठीचा. चाळिशीत राजीनामा दिला तर ४५-५० वर्षं काढायची असतात, तीही आपल्या महागाईत. मी ऐरोलीत आयटीत आहे, मलाही ही नोकरी नकोशी झालीय, म्हणून कळकळीने सांगते: कंपनीचा मेडिक्लेम राजीनाम्याबरोबर संपतो, आणि अनेकांचे आईवडीलही त्यातच असतात! स्वतंत्र पॉलिसी नोकरीत असतानाच घ्या. आधीपासूनच्या आजारांना तिचं संरक्षण मिळायला ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. आणि राहता फ्लॅट त्या २५ पटीत कृपया धरू नका. त्यातून किराणा येत नाही, उलट सोसायटीचा मेंटेनन्स भरावा लागतो.