उसने पैसे सभ्यपणे बुडवून घेण्याची रीत

आपण आपल्या चुलतभावाला पाच लाख रुपये हातउसने दिले आहेत आणि ते परत मिळावेत अशी अशोभनीय इच्छा आपल्या मनात अधूनमधून डोकावते, असे गृहीत धरून हे मार्गदर्शन केले आहे. पहिली गोष्ट म्हणजे काहीही लिहून घेऊ नये. "घरातल्या घरात कागद कसला?" हे वाक्य त्याने उच्चारण्याआधी आपणच उच्चारावे, म्हणजे त्याला तेवढाही संकोच पडणार नाही.

त्यानंतर तीन वर्षे शांत राहावे. हे अवघड नाही, कारण पहिल्या वर्षी त्याच्या घराचे बांधकाम चालू असते, दुसऱ्या वर्षी मुलीचे लग्न निघते आणि तिसऱ्या वर्षी पैसे मागायची आपल्यालाच लाज वाटू लागते. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार अशा उसनवारीचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो. शिवाय "मागशील तेव्हा देतो" असे ठरलेले असले, तरी मुदत मागितल्या दिवसापासून नव्हे, तर पैसे दिल्या दिवसापासून मोजतात. या काळात भावाने "मी इतके देणे लागतो" एवढी एक ओळ सहीनिशी लिहून दिली, तर त्या तारखेपासून मुदत नव्याने सुरू होते. म्हणून दिवाळीत तो घरी आला की फराळाचे ताट पुढे करावे, पेन करू नये. मुदत टळल्यावरही गाफील राहू नये, कारण मुदतबाह्य कर्ज फेडण्याचे लेखी आणि सही केलेले वचनही १८७२ च्या करार कायद्याच्या २५ व्या कलमाने बंधनकारक ठरते.

मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला कर्जाने गांजलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांवर चालून जाऊन कर्जरोखे हिसकावले आणि जाळले. त्यांतल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती, पण कागदात काय असते हे त्यांना पुरते कळले होते. आपण भावाला तेवढेही श्रम पडू देत नाही. (सावकारांशी तुलना केल्याबद्दल क्षमा असावी, त्यांना निदान व्याज मिळत असे.)

एवढे करूनही एखादा हितचिंतक मध्ये पडून लेखी तडजोड घडवून आणेलच, तर खचून जाऊ नये. पाच लाखांचे देणे चार लाखांत मिटवायचे आणि ते आठ हप्त्यांत घ्यायचे ठरले, की हप्त्यांच्या तारखा न घालता "सोयीनुसार" हा शब्द घालावा. हप्ता चुकल्यास सोडलेला एक लाखही पुन्हा देय होईल, असे कलम कोणी सुचवले, तर "इतका अविश्वास बरा नव्हे" म्हणून ते खोडावे. "सर्व देणे पूर्ण फिटले, काही तक्रार उरली नाही" हे वाक्य मात्र पहिल्याच हप्त्याला, ठळक अक्षरांत, आपल्या सहीने लिहून द्यावे. पुढच्या तारखांचे धनादेश घेऊ नयेत. ते न वटल्यास धनादेशांच्या कायद्याच्या १३८ व्या कलमाखाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि घरच्या माणसाला असे भय दाखवणे आपल्या संस्कारांत बसत नाही. हप्ते रोखीने आणि पावतीविना घ्यावेत. वीस हजार किंवा त्याहून अधिक रकमेची कर्जफेड रोखीने करायला आयकर कायद्याची बंदी आहे खरी, पण प्रेमाला असले हिशेब कळत नाहीत.

मुद्रांकावर मात्र कंजुषी नको. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून शंभरच्या जागी पाचशेचा मुद्रांक लागतो. तो आपल्या खर्चाने आणावा, नोटरीचे शुल्कही आपणच भरावे, साक्षीदार म्हणून भावाचा मेहुणा घ्यावा आणि मूळ प्रत त्याच्याच कपाटात सुरक्षित ठेवायला द्यावी.

पुढे आपल्या मुलीच्या लग्नात तोच भाऊ सहकुटुंब येईल, पोटभर जेवेल आणि पाचशे एक रुपयांचे पाकीट हातात ठेवील. तेव्हा दाराजवळच्या टेबलावर बसलेले आपले काका चष्मा सावरून आहेराच्या वहीत त्याचे नाव, गाव आणि रक्कम सुवाच्य अक्षरांत नोंदवून घेतील, आणि त्यात कोणालाही अविश्वास दिसणार नाही.