न्यू ऑर्लिन्सच्या माणसांना मराठीत खेडवळ बोलायला लावू नका

अमेरिकेच्या दक्षिणेतली कथा मराठीत आणायची म्हटली की पहिला हात जातो ग्रामीण बोलीकडे. माणूस गरीब आणि कमी शिकलेला ना, मग 'आरं', 'व्हय', 'कुटं' सुरू. न्यू ऑर्लिन्सच्या बाबतीत हे साफ चुकतं, आणि तिथल्या विनोदी कथेचा जीवच जातो.

जॉन केनेडी टूलची 'अ कॉन्फेडरसी ऑफ डन्सेस' ही विनोदी कादंबरी घ्या. लेखक १९६९ साली गेला, पुस्तक १९८० साली आलं, पुलित्झर १९८१ चं. पुस्तकाच्या सुरुवातीलाच एक उतारा दिलाय: या शहराची एक बोली न्यूयॉर्कलगतच्या होबोकन आणि जर्सी सिटीच्या बोलीपासून वेगळी ओळखणं कठीण. कारण सरळ आहे. हे बंदर. एकोणिसाव्या शतकात इथे आयरिश, जर्मन आणि सिसिलीचे लोक उतरले, तसेच ते न्यूयॉर्कलाही उतरले. 'व्हेअर याट?' (म्हणजे 'काय चाललंय?') या त्यांच्या हाकेवरून त्यांना 'याट' म्हणतात. ही शेतावरची माणसं नव्हेत. गोदीवरची, दुकानातली, पोलिसातली. मराठीत त्यांचा वेग आणि ठसका लालबाग-परळच्या जवळचा हवा: वाक्य अर्ध्यात तोडणारा, शेजारणीला खिडकीतून हाक मारणारा. प्रत्येक शब्दाचा उच्चार मोडायची गरज नाही. दहा-बारा वाक्यांत एखादा मोडला तरी कानाला कळतं, बाकीचं काम 'अगं बाई', 'तुला सांगते' यांनी होतं. सगळेच उच्चार मोडले तर वाचक अडखळतो आणि अडखळला की हसत नाही.

सगळ्यात मोठं नुकसान कादंबरीतल्या आई-मुलाच्या संवादात होतं. आई साधी याट. मुलगा एम.ए. झालेला, मध्ययुगीन तत्त्वज्ञान झाडणारा, बिनकामाचा. त्याची भाषा संस्कृतप्रचुर आणि लांबलचकच हवी, ओल्या डिंकासारखी चिकट. एका छोट्या स्वयंपाकघरात दोन वर्ग समोरासमोर बसलेत, आणि त्यातल्या एकाचं शिक्षण दुसऱ्याच्या पैशातून झालंय. दोघांना एकच बोली दिली तर विनोद उरतच नाही.

काही शब्द मात्र मराठीत विनासायास बसतात. तिथले लोक किराणा आणायला जातात तेव्हा 'मेक ग्रोसरीज' म्हणतात, कारण खाली फ्रेंच क्रियापद आहे, 'करणे' या अर्थाचं. आपण 'बाजार करणे' म्हणतोच की! तेच लिहावं. उलट 'न्यूट्रल ग्राउंड'चं 'तटस्थ भूमी' केलं की घात. तो रस्त्याचा दुभाजक. कॅनाल स्ट्रीटच्या एका अंगाला क्रिओलांचं, म्हणजे फ्रेंच-स्पॅनिश काळापासूनच्या रहिवाशांचं, जुनं शहर, दुसऱ्या अंगाला अमेरिकनांचं नवं. मधल्या पट्ट्याचं हे नाव पुढे शहरातल्या सगळ्याच दुभाजकांना चिकटलं. पहिल्या वेळी नाव ठेवून लगेच 'दुभाजक' म्हणा, पुढे वाचकाला सवय होते. 'क्रिओल' शब्द तसाच ठेवा. 'मिश्रवंशीय' लिहिलंत तर स्वतःला क्रिओल म्हणवणारी गोरी जुनी घराणी बाहेर पडतात.

दिशांचंही तसंच. नदी वळणं घेते, म्हणून उत्तर-दक्षिण कामाची नाही. वरच्या अंगाला, खालच्या अंगाला, नदीकडे, तळ्याकडे असं बोलतात. गार्डन डिस्ट्रिक्टच्या हवेल्यांपासून मॅगझिन स्ट्रीट ओलांडून नदीकडे गेलात की आयरिश चॅनेल, कामगारांची वस्ती. 'नदीकडे' या एका शब्दात माणसाची मिळकत कळते, तो शब्द भाषांतरात गाळू नये. शॉटगन घराला चाळ म्हणू नका. चाळीला गॅलरी असते. इथे अरुंद घरात खोल्या एकामागे एक, बोळ नाही, मागे जायचं तर प्रत्येक खोलीतून. जोडघरात मधली भिंत सामाईक. भांडण शेजारी ऐकू जातं ते त्यामुळे.

टूलच्या कादंबरीतल्या कृष्णवर्णीय जोन्सला मराठीतल्या एखाद्या जातीची बोली देणं मला चूकच नव्हे, अन्याय वाटतो. आपले पूर्वग्रह फुकट त्याच्या डोक्यावर. त्याला तुटक, धारदार वाक्यं द्या. तो किमान वेतनापेक्षा कमी पैशात बारमध्ये झाडू मारतो, कारण नोकरी सोडली तर 'कामधंदा नाही' एवढ्या कारणावरून पोलीस उचलतील. हा कायद्याचा धाक पहिल्याच संवादात मराठी वाचकाला कळायला हवा. टीप नको, त्याच्याच तोंडून एक वाक्य वाढवा. तो धाक कळला नाही तर सगळ्यात शहाणा माणूस नुसता बडबड्या ठरतो.

याच शहरातला कार्निव्हल कथेत आला तर कोमस (१८५७) आणि रेक्स (१८७२) या गोऱ्या धनिकांच्या मंडळांसोबत १९०९ साली रस्त्यावर आलेल्या झुलूंना, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या मंडळालाही, नीट रंगवा. त्यांच्या राजाच्या डोक्यावर चरबीचा रिकामा डबा होता आणि हातात केळीचा दांडा. तिथे 'मुकुट' आणि 'राजदंड' लिहू नका. डबा डबाच राहू द्या.