प्राध्यापकाच्या खुर्चीत ढिवर का नको?

नव्या शैक्षणिक धोरणामुळे आमच्या कॉलेजात ‘भारतीय ज्ञान प्रणाली’ हा विषय आला. मुलं चरक लिहितात, आर्यभट लिहितात. लिहावंच, त्यांचा मान आहेच. पण कॉलेजच्या मागे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव आहे, कोहळी समाजानं बांधलेला, पिढ्यान्‌पिढ्या धानाला पाणी देणारा. त्याच्याबद्दल अभ्यासक्रमात एक ओळ नाही. मला हे पटत नाही, स्टाफरूममध्येही मी हेच बोलते.

तो तलाव कळतो मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाला. पहिल्या पावसात कोणता मासा उलट्या धारेनं धानाच्या बांध्यांत चढतो, मरळ पिल्लांची राखण कुठं करते, पाण्यातलं गवत गेलं की कोणता मासा आधी दिसेनासा होतो, हे जाळं टाकता टाकता समजलेलं असतं. योजनांनी मात्र रोहू, कटल्याची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) आणून सोडली, कुठं गवत खाणारा ग्रास कार्पही. गवतच संपलं तर गावठी मासा अंडी घालणार कुठं? वरून काठावर बेशरम नावाची झुडपी वनस्पती माजली. आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या काही गावांत ढिवर बायांनी आणि मच्छीमार संस्थांनी ती बेशरम उपटली, गाळात पाणवनस्पती परत लावल्या. हे संशोधन नाही तर काय आहे?

आणि आपण? पीएच.डी.साठी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर बसून त्यांना तासन्‌तास विचारतो आणि प्रबंधात ‘स्थानिक माहितीदार’ एवढंच लिहितो. डिग्री आपली, पगारवाढ आपली. गावातल्या वनस्पती, प्राणी आणि त्यांबद्दलचं लोकांचं ज्ञान नोंदवायच्या लोक जैवविविधता नोंदवह्यांचंही तेच. जैवविविधता कायदा २००२ चा, पण ३१ जानेवारी २०२० ची मुदत जवळ आली तेव्हा कित्येक ठिकाणी त्या घाईघाईत भरल्या गेल्या.

ढिवरांचं सगळंच बरोबर असेल असं मी म्हणत नाही. तपासा ना! पण तपासताना ते शेजारी असावेत, प्रश्न आधी त्यांच्या संस्थेपुढं मांडावा आणि शोधनिबंधावर सहलेखक म्हणून त्यांचं नाव यावं.

नियम नाही, असं सांगू नका. यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ हे प्रत्यक्ष कामातल्या जाणकारांसाठीचं पद आणलं. त्यात पदवीची सक्ती नाही, १५ वर्षांचा अनुभव पाहिजे. कंपनीतला अधिकारी चालतो, मग जन्म पाण्यात काढलेला ढिवर का नाही?

विद्यापीठाच्या सिनेटवरच्या मित्रांनो, पुढच्या बैठकीत ढिवरांना या पदावर घ्यायचा एवढा ठराव मांडा. मानधन इतर पाहुण्या प्राध्यापकांइतकंच द्या. वर्ग पाळीवर भरू द्या, मुलांना घेऊन मी येते.