ड्रॉप्ड कर्ब करून घ्यायचाय? या, बसा

इंग्लंडात टेरेस्ड घर घेतलंत, अभिनंदन. दोन्हीकडच्या भिंती शेजाऱ्यांबरोबर शेअर आणि पार्किंग अख्ख्या गल्लीबरोबर शेअर. त्यात आता इलेक्ट्रिक गाडी घेतलीत आणि कोणीतरी डोक्यात भरवलंय की पुढचं अंगण मोकळं करा, फुटपाथचा कर्ब, म्हणजे कडेचा उंच दगड, खाली करून घ्या आणि गाडी आत लावून रात्री घरच्या विजेवर चार्ज करा. त्याचं चूक नाही काही. घरच्या विजेवर व्हॅट 5 टक्के, रस्त्यावरच्या चार्जरवर 20. मीही याच हिशोबाने उडी मारली होती. गेल्या शनिवारी या यज्ञाची पूर्णाहुती झाली, तेव्हा अनुभवाच्या चार गोष्टी फुकटात घ्या. यापुढे फुकट काही मिळणार नाहीये.

सगळ्यात आधी कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, अर्जाची फी भरा. जागा बसते का वगैरे विचार नंतर. फी परत मिळत नाही, त्यामुळे घाई केलेली बरी.

मग अंगण मोजा. आमच्या कौन्सिलला 4.8 मीटर खोली लागते, आमचं दारापासून 5 मीटर भरलं, मी खुश. कौन्सिलचे साहेब आले, हसले, हवापाण्यावर बोलले आणि मोजायची टेप काढून थेट बे विंडोच्या, म्हणजे भिंतीबाहेर आलेल्या खिडकीच्या, पोटाला लावली. हीच ती बे विंडो जिच्या नावाने इस्टेट एजंटने 'कॅरेक्टर आहे घराला' म्हणून भाव चढवला होता. तिथून भरलं 4.4. नामंजूर. म्हटलं, अहो माझी गाडीच 4.1 मीटरची आहे, बसतेय की. तर म्हणे उद्या तुम्ही घर विकलंत आणि पुढच्या मालकाची गाडी मोठी असली तर? म्हणजे अजून ज्याने घर बघितलेलंसुद्धा नाही त्याच्या न घेतलेल्या गाडीचं शेपूट फुटपाथवर येईल म्हणून माझी फी गेली. परत अर्ज करा, या वेळी बे विंडो सोडून दाराच्या बाजूला सरकून. परत फी. सरकलं की काय होतं, तर दोन्ही टोकांना जे उतरते दगड बसतात त्यातला एक शेजारच्या आजोबांच्या घरासमोर जातो, मग त्यांची लेखी संमती आणा. आजोबांचं म्हणणं, तिथे मी गेली चाळीस वर्षं गाडी लावतोय. दिवाळीचा फराळ त्या वर्षी ऑगस्टमध्ये केला आम्ही. चकलीने काम झालं, लाडवाने होत नव्हतं.

खरं सांगू का, आजोबा चुकीचे नव्हते. कर्ब खाली केला की रस्त्यावरची एक जागा जाते आणि अंगणात एक येते. हिशोब शून्य, खिसा मायनस.

अंगणात साधं काँक्रीट ओतू नका. 2008 पासून इथे पाच चौरस मीटरच्या वर पाणी न मुरणारी फरसबंदी केली आणि पाणी रस्त्यावर सोडलं तर प्लॅनिंग परमिशन लागते. पाणी मुरणारे ब्लॉक घाला, महाग असतात, छान दिसतात.

फुटपाथमध्ये टेलिफोनच्या वायरींवरचं झाकण निघालं तर देवाचं नाव घ्या.

घराच्या कामाला ओळखीचा स्वस्त बिल्डर असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा. फुटपाथ आपला नाही. हायवेज ॲक्ट 1980, कलम 184, कौन्सिल परवानगी देणार, काम कौन्सिल नाहीतर त्यांच्या यादीतला काँट्रॅक्टर करणार, खर्च तुम्ही करणार आणि झाल्यावर दगड त्यांचेच राहणार. आमचे सगळे मिळून साडेतीन हजार पौंड गेले, तीन माणसं, दीड दिवस. पुण्यात आमच्या वाड्यासमोर काकांनी एका दुपारी दोन घमेली सिमेंट ओतून गटारावर उतार केला होता, तो अजून आहे. असो.

समोरचा शेजारी यातलं काही न करता कर्बला दोन फळ्या टाकून रोज गाडी चढवतो. तिकडे बघू नका, बीपी वाढतं.

आता शेवटचं. सगळं झालं की समोर रस्त्यावर पांढरी रेघ मारून मिळते, दोन्ही टोकांना आडवी दांडी असलेली. तिचे वेगळे पैसे. ही रेघ म्हणजे काय, तर विनंती. नुसती विनंती. काका गेटवर पाटी लावायचे, 'येथे गाडी लावल्यास हवा सोडली जाईल', तिला लोक घाबरायचे तरी. कायदा मात्र आहे बरं का, ट्रॅफिक मॅनेजमेंट ॲक्ट 2004, कलम 86, खाली केलेल्या कर्बसमोर गाडी लावली तर तिकीट. पण खासगी घरासमोर असेल तर घरच्यांनी तक्रार केल्याशिवाय कौन्सिल हलत नाही, कारण तुमचाच पाहुणा असेल. शनिवारी साडेबाराला बायकोला निघायचं होतं, हॉस्पिटलची दुपारची शिफ्ट, आणि रेघेवर बरोब्बर मधोमध ही एवढी काळी एसयूव्ही. अंगणात आमची गाडी, पूर्ण चार्ज्ड, स्वस्तातल्या विजेवर. कौन्सिलला फोन लावला तर 'आम्ही सोमवार ते शुक्रवारच असतो' अशी रेकॉर्ड केलेली टेप. गल्लीत चार दारं वाजवली. बायको टॅक्सीने गेली, पस्तीस मिनिटं उशिरा, आणि तोवर सकाळच्या शिफ्टची मुलगी तिच्यासाठी थांबून राहिली.

तीन वाजता गाडीचे मालक आले. तीन घरं पलीकडे सत्यनारायण होता, आम्हाला आमंत्रण नव्हतं पण ते काही नाही. हातात द्रोण. "अरे, तुम्ही मराठी का! मग काय, आपलीच गाडी. दोनच मिनिटं म्हणून लावली होती हो. घ्या, प्रसाद घ्या."

दादा, तेव्हा मी हसलो, कारण हातात प्रसाद होता. आता सांगतो. आपली गाडी वगैरे काही नाही. ती तुमची गाडी होती आणि दार माझं होतं. दोन मिनिटं अडीच तासांची नसतात. तुम्हाला रेघ दिसली होती, कारण चाकं अगदी रेघेला समांतर होती, मोजून लावली होती तुम्ही. कौन्सिलवर मी वर्षभर चडफडलो, पण निदान त्यांच्या टेपला काहीतरी नियम होता, तुम्हाला फक्त जवळ हवं होतं. ऐंशी पावलं चालायचा कंटाळा. इथे पंधरा वर्षं राहून तुम्ही गोऱ्यांच्या दारासमोर अशी लावत नाही, मला माहितीये, आधी कानोसा घेता. माझ्या दारावर तोरण बघून लावलीत ना? लाज वाटायला हवी थोडी.

कोपऱ्यावर पे अँड डिस्प्ले आहे. तासाला एक पौंड साठ. पुढच्या पौर्णिमेला तिथे लावा, आणि ॲप चाललं नाही तर येऊन बेल वाजवा, मी भरतो.