जहाजाची पैसेवारी

मराठवाड्याच्या आठांपैकी एकाही जिल्ह्याला समुद्र लागत नाही, आणि एप्रिल २०१६ मध्ये तर लातूरला पिण्याचे पाणीसुद्धा मिरजेहून रेल्वेने आणावे लागले होते. तेव्हा जहाज बांधणाऱ्या गोदीने नियोजनाचे सॉफ्टवेअर कसे निवडावे, हे सांगण्याचा अधिकार आम्हा मराठवाडेकरांइतका दुसऱ्या कोणाला असणार? ज्याला विहिरीत उतरायचे नसते त्यानेच तिची खोली सांगावी, अशी या क्षेत्रातली रीतच आहे. माझी आणखी एक किरकोळ पात्रता अशी, की वाळूजच्या ज्या वर्कशॉपमध्ये मी काम करतो तेथून किनाऱ्यावरच्या एका गोदीला पाइपांचे स्पूल, म्हणजे आधीच कापून-जोडून तयार केलेले तुकडे, जातात, आणि त्या गोदीच्या वेळापत्रकातल्या आमच्या वाट्याच्या ओळी मी दर आठवड्याला पोथीसारख्या वाचतो.

आपण गोदीचे व्यवस्थापक असाल, तर सर्वप्रथम एक निवड समिती नेमावी. तीत लेखा, खरेदी आणि संगणक या विभागांचे अधिकारी अवश्य असावेत. मात्र ज्याला त्या सॉफ्टवेअरमध्ये रोज आकडे भरावे लागणार आहेत, त्याला बैठकीच्या खोलीजवळही फिरकू देऊ नये. असा मनुष्य ‘हे भरायला रोज किती वेळ लागेल?’ यासारखे अडाणी प्रश्न विचारतो आणि चांगल्या चाललेल्या सादरीकरणाचा रसभंग करतो.

सादरीकरणात विक्रेता बहुधा एखाद्या बहुमजली इमारतीचा नमुना दाखवील. तो पाहून मान डोलवावी. इमारतीत दुसऱ्या मजल्यावर तिसरा चढतो, हे सगळ्यांनाच समजते. जहाजाचे तसे नसते. त्याचे ब्लॉक, म्हणजे सांगाड्याचे मोठाले तुकडे, वेगवेगळ्या जागी एकाच वेळी बनतात, वेल्डिंग सोयीचे व्हावे म्हणून काही उलटे बनवून मग सुलटे केले जातात, त्यांत शक्य तेवढे पाइप आधीच बसवले जातात, रंगाच्या शेडमध्ये त्यांचा नंबर लागतो आणि शेवटी क्रेन त्यांना ड्राय डॉकमध्ये नेऊन जोडते. या साऱ्या खटाटोपात घोडे अडते ते जागेपाशी आणि क्रेनपाशी. कामांचे दिवस आडव्या पट्ट्यांनी दाखवणाऱ्या बार चार्टला काळ दिसतो, जागा दिसत नाही. कागदावर दोन ब्लॉक एकाखाली एक सुखाने नांदतात, जमिनीवर मात्र त्यांना एकच चौथरा हवा असतो. ‘तुमच्या सॉफ्टवेअरला हा चौथरा दिसतो का?’ हा प्रश्न ओठांवर आला, तर समोरचा चहा प्यावा.

समितीत कोणी शंकेखोर निघालाच, तर त्याला इतिहास ऐकवावा. ज्या हेन्री गँटच्या नावाने बार चार्ट ओळखला जातो, तो पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या जहाजबांधणीच्या कामावर होता. कामांचा क्रम आणि वेळ आखण्याची ‘पर्ट’ ही पद्धत तर १९५८ च्या सुमारास खुद्द अमेरिकी नौदलाने घडवली. नौदलाची पद्धत जहाजाला चालणार नाही तर कोणाला, असे म्हणून विषय संपवावा. ती पद्धत नौदलाने पोलारिस या क्षेपणास्त्राच्या प्रकल्पासाठी घडवली होती आणि ज्या कामांना किती वेळ लागेल हे कोणीच सांगू शकत नव्हते त्यांच्यासाठी ती होती, हा तपशील सादरीकरणात बसत नाही.

एकच सॉफ्टवेअर घेऊन सर्व विभागांवर अन्याय करू नये. आराखडा विभागाने एक घ्यावे, सांगाडा बांधणाऱ्यांनी दुसरे घ्यावे, पाइप आणि केबलवाल्यांनी एक्सेल वापरावे, ठेकेदारांसाठी व्हॉट्सॲप आहेच. याला परंपरेचा आधार आहे. १६२८ मध्ये स्टॉकहोममध्ये ‘वासा’ ही युद्धनौका पहिल्याच प्रवासात सुमारे १,३०० मीटर जाऊन बुडाली. वरचा भार फार झाला, हे बुडण्याचे मुख्य कारण. पण पुढे तिच्या अवशेषांत सुतारांच्या मोजपट्ट्या सापडल्या, त्यांतल्या काहींचा फूट १२ इंचांचा स्वीडिश होता आणि काहींचा ११ इंचांचा ॲमस्टरडॅमचा. प्रत्येक सुताराची मोजपट्टी आपापल्या परीने बिनचूक होती. आपल्या विभागांचे अहवालही तसेच असावेत.

आता प्रगती मोजण्याकडे वळू. येथे मात्र मराठवाड्याने जगाला शिकवावे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने ‘कमावलेले मूल्य’, म्हणजे झालेल्या कामाची ठरलेली किंमत, मोजण्यासाठी १९६७ मध्ये ३५ निकष ठरवले. आमच्याकडे पैसेवारी आहे. शिवारात पीक किती आले हे आधी नजरअंदाजाने ठरते, मग सुधारित आकडा येतो, मग अंतिम. ५० पैशांच्या आत आला तर गाव दुष्काळी, वर राहिला तर सुकाळ, मग विहीर कोरडी का असेना. जहाजाचेही तसेच करावे. प्रगती पोलादाच्या टनांत मोजली की काम सोपे होते. जहाजाच्या मधल्या भागातले सपाट ब्लॉक वजनदार असतात आणि भराभर होतात, म्हणून ते आधी उरकावेत. नाळेकडचे, म्हणजे पुढच्या टोकाचे, आणि पिछाडीचे वाकडेतिकडे, कमी टनांचे, जास्त डोकेदुखीचे ब्लॉक शेवटाला ठेवावेत. आलेख पहिल्या वर्षी असा चढतो की संचालकांचे डोळे भरून येतात. केबल किती ओढली, ते तर टनांत दिसतच नाही. त्यामुळे ती ओढली नाही, हेही दिसत नाही.

आमच्या वर्कशॉपमध्ये परभणीचा एक तरुण इंजिनिअर गोदीच्या पोर्टलवर दर सोमवारी हे आकडे भरतो. फोरमनला सगळे मामा म्हणतात, तोही म्हणतो.

‘मामा, पंपरूमचे स्पूल किती झाले?’

‘नव्वद टक्के लिव्ह.’

‘मागल्या सोमवारी बी नव्वदच होते की.’

‘मग मागल्या सोमवारी जास्ती लिवलं असशील.’

पोर्टलमध्ये मागची टक्केवारी कमी करता येत नाही, त्यामुळे मामांचे शास्त्र अजून कोणी खोडलेले नाही.

तरीही सॉफ्टवेअर अधूनमधून खरे बोलून जाते, आणि त्यावर उपाय ठाऊक असलेले बरे. वेल्डिंग संपण्याआधीच रंगकाम सुरू झाले, तर प्राइमव्हेरा या नियोजनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन मार्ग असतात. ‘रिटेन्ड लॉजिक’ कामांचे नाते राखते आणि तारीख पुढे ढकलते. ‘प्रोग्रेस ओव्हरराइड’ ते नाते सोडून देते आणि तारीख अलीकडे आणते. दुसरा निवडावा. एवढ्यानेही भागले नाही, तर जलावतरणाच्या तारखेवर सक्तीचे बंधन घालावे. मग खालची कामे कितीही घसरली तरी ती तारीख जागची हलत नाही. पाहुण्यांना आमंत्रणे गेलेली असतात, मांडवाचे ठरलेले असते, आणि जहाज ठरल्या दिवशी पाण्यात उतरतेच. वर्कशॉपमध्ये एका तासात होणारे काम ब्लॉकवर तीन तासांचे आणि तरंगत्या जहाजात आठ तासांचे होते, असा गोद्यांमधला जुना हिशेब आहे. पण ते तास नारळ फुटल्यानंतर सुरू होतात, तेव्हा ते पुढच्या व्यवस्थापकाच्या खात्यावर पडतात.

राहता राहिला देखभालीचा करार. तो विक्रेत्याशी करावाच, पण आपल्या पुरवठादारांची माहिती प्रत्यक्षात कोठून येते, याचीही चौकशी ठेवावी. आमच्याकडे ती मामांच्या खिशातल्या डायरीतून येते. कोणता स्पूल वेल्ड झाला, कोणाचे ड्रॉइंग बदलून आले, कोणता फ्लँज अजून आलेलाच नाही, हे सगळे त्यात पेन्सिलने लिहिलेले असते. ती डायरी एक हार्डवेअरवाला दरवर्षी फुकट देतो. डिसेंबरच्या मध्याला तिची पाने भरतात आणि नवी यायला जानेवारी उजाडतो. त्या दोन-तीन आठवड्यांत आपल्या सॉफ्टवेअरमध्ये पंपरूमची प्रगती स्थिर दिसेल. घाबरू नये, अहवालात ‘वार्षिक आढावा सुरू’ असे लिहावे.